कामाची पोच

एका कागदावर इंग्रजी अक्षरं कशीही, अर्थाशिवाय, ओळीने छापलेली आहेत. त्यांत जिथे दोन ‘एस’ शेजारीशेजारी आले असतील त्या जोड्या शोधून खूण करायची. पहिल्या कागदाचे 55 सेंट मिळणार, दुसऱ्याचे 50, तिसऱ्याचे 45. दर कागदाला पाच सेंट कमी. कंटाळा आला की उठायचं, कुणी अडवणार नाही. एमिर कामेनिका, द्राझेन प्रेलेक आणि डॅन अरिएली या संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांना हे काम दिलं आणि 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काम मुद्दामच रुक्ष निवडलं होतं. माणसाला त्याची गोडी लागावी असं त्यात काही नव्हतं.

विद्यार्थ्यांचे तीन गट होते. पहिल्या गटातला विद्यार्थी कागदावर आपलं नाव घालून तो समोरच्या माणसाकडे देई. तो माणूस कागदावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवी, ‘हं’ म्हणे आणि कागद फाइलीत ठेवी. दुसऱ्या गटात नावही नाही आणि नजरही नाही, कागद सरळ गठ्ठ्यावर पडे. तिसऱ्या गटाचा कागद हातात पडताच यंत्रात जाई आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पट्ट्या होत.

पैसे तिन्ही गटांना सारखेच होते. पहिल्या गटाने सरासरी 9.03 कागद केले. ज्यांचं काम समोरच फाडलं गेलं, ते 6.34 वर थांबले. इथवर कुणालाही पटेल. पण मधल्या गटाचा आकडा बघा: 6.77. कागद न बघता बाजूला ठेवणं आणि कागद फाडून टाकणं यांत करणाऱ्याच्या मनाला जवळपास काही फरक पडला नाही! खरं तर दुसऱ्या-तिसऱ्या गटाचं काम कुणी तपासतच नव्हतं. खुणा न करताच कागद देऊन पैसे घ्यायला त्यांना पूर्ण वाव होता. तरी तेच आधी उठले.

या आकड्यांकडे पैशाच्या बाजूने पाहिलं की आश्चर्य आणखी वाढतं. सहाव्या कागदाला 30 सेंट मिळत होते, नवव्याला 15. म्हणजे ज्याच्या कागदाकडे कुणी नजर टाकत होतं, तो अर्ध्या दरातही बसून राहिला. आणि त्याला मिळालं काय होतं? शाबासकी नाही, बक्षीस नाही, ‘तुझ्यासारखा तूच’ असंही कुणी म्हटलं नाही. एक नजर आणि एक ‘हं’.

कामाच्या ठिकाणच्या कृतज्ञतेबद्दल बोलताना आपण बहुतेकदा गोड बोलण्याच्या अंगाने बोलतो. सौजन्य, संस्कार, मोठं मन वगैरे. ते सगळं खरं असेल, पण मला त्याहून मूलभूत गोष्ट दिसते. कृतज्ञता ही आधी बातमी असते: तू पाठवलंस ते पोचलं, ते अमक्याच्या हाती पडलं आणि त्याने अमुक घडलं. काम करणाऱ्याला स्वतःच्या कामाचं दुसरं टोक क्वचितच दिसतं. ते दिसलं की माणसात काय बदलतं, हे पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागणारं एक केंद्र होतं. फोनवर बसणारी मुलं दिवसभर नकार ऐकत. जमलेल्या पैशातून गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळत, हे त्यांना माहीत होतं, पण कानावरून गेलेल्या माहितीसारखं. अॅडम ग्रँट या संशोधकाने शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याची यांतल्या काही मुलांशी भेट घडवली. भेट काही मिनिटांचीच होती. शिष्यवृत्तीमुळे आपलं आयुष्य कसं बदललं ते त्याने सांगितलं, मुलांनी प्रश्न विचारले, संपलं. साहेबांचं भाषण नाही, नवं उद्दिष्ट नाही, पगारवाढही नाही. महिन्याभराने मोजलं तेव्हा त्या मुलांचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढली होती. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्यांची अशी भेट झाली नव्हती, त्यांच्या कामात असा बदल दिसला नाही.

याहून थक्क करणारा प्रयोग इस्राएलमधला आहे, आणि तो जीव वाचवण्याच्या कामाबद्दल आहे.

अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या अतिदक्षता विभागात ठेवतात, तिथले डॉक्टर आणि नर्स सरावासाठी एकत्र येतात. बाळाच्या जागी पुतळा असतो, प्रसंग मात्र हुबेहूब उभा केलेला: बाळाची प्रकृती एकाएकी ढासळते आणि पथकाने निदान करून उपचार करायचे. अरिए रिस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली अशा 24 पथकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही पथकांसमोर, परदेशी तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिलेल्या एका माणसाने सहज जाता जाता उणे उद्गार काढले. त्यांच्या त्या वेळच्या कामाशी त्या शेऱ्यांचा संबंधही नव्हता. तेवढ्याने पथकांचं निदान बिघडलं आणि हातांनी करायचे उपचारही बिघडले. माणसं एकमेकांना कमी सांगू लागली, कमी विचारू लागली.

मग त्याच संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला. वाईट शब्दाने एवढं बिघडत असेल, तर चांगल्या शब्दाने काही सुधारतं का? 2019 साली त्यांनी 43 पथकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक पथकात दोन डॉक्टर, दोन नर्स. सरावाआधी काही पथकांना एका आईचे शब्द ऐकवले गेले. तिचं बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, आणि ज्या पथकांनी त्याच्यासारख्या बाळांची काळजी घेतली त्यांचे ती आभार मानत होती. इतर काही पथकांना एका तज्ज्ञ डॉक्टरांनी धन्यवाद दिले, काहींना दोन्ही ऐकवलं, तर काहींना नुसताच तटस्थ संदेश मिळाला. पथकांचं काम तपासणाऱ्यांना कोणी काय ऐकलंय हे माहीत नव्हतं.

आईचे शब्द ऐकलेल्या पथकांचं काम अधिक चांगलं ठरलं. कसं, याचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांचं ज्ञान तासाभरात वाढलं नव्हतं. ती माणसं एकमेकांशी जास्त बोलली. ‘श्वास मंदावतोय’, ‘पोट फुगलंय’, ‘मला हे वेगळं वाटतंय’ अशी माहिती एकाकडून दुसऱ्याकडे अधिक मोकळेपणाने गेली, आणि सुधारणेचा बराचसा भाग त्यातूनच आला. एका अनोळखी बाईच्या कृतज्ञतेने चार माणसांमधली वाट मोकळी केली.

ही वाट शरीरातही मोकळी होते. शब्दशः. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी 2022 साली एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्यांवर प्रयोग प्रसिद्ध केला. थोडक्या वेळात एका सायकलच्या विक्रीची योजना आखायची आणि ती परीक्षकांसमोर मांडायची, असं ताणाचं काम त्यांना दिलं होतं. त्याआधी काही जोड्यांत एकाने दुसऱ्याला कुठल्या तरी जुन्या मदतीबद्दल धन्यवाद दिले. ताणाखाली शरीर ढोबळमानाने दोन तऱ्हांनी वागतं. संकट अंगावर आलंय असं वाटलं तर रक्तवाहिन्या आवळतात. आव्हान आहे आणि ते पेलेल असं वाटलं तर हृदय जोमाने रक्त ढकलतं, वाहिन्या सैल होतात आणि मेंदूला, स्नायूंना रक्त भरपूर मिळतं. धन्यवादाची देवाणघेवाण झालेल्या जोड्यांची शरीरं या दुसऱ्या तऱ्हेकडे झुकली. सायकलशी त्या धन्यवादाचा काही संबंध नव्हता, हे लक्षात घ्या.

इतका गुण असूनही हा शब्द आपल्या कार्यालयांत इतका दुर्मिळ का?

काही जण म्हणतील, आपल्याकडे ती रीतच नाही. आईने चहा दिला तर कोण आभार मानतं? मानले तर ती म्हणेल, बरं वाटत नाही का तुला? हे अगदी खरं, आणि त्यात आपण जगावेगळेही नाही. निक एन्फील्ड यांच्यासह काही भाषाशास्त्रज्ञांनी पाच खंडांतल्या आठ भाषांमधली रोजची, घरगुती संभाषणं ध्वनिचित्रमुद्रित केली आणि त्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. कुणी काही मागितलं आणि समोरच्याने ते दिलं, अशा हजाराहून जास्त प्रसंगांत तोंडाने आभार मानले गेले ते साधारण विसांतून एकदा. इंग्रजी बोलणारेही सातांतून सहा वेळा गप्पच राहिले. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेत तर एकदाही आभार आढळले नाहीत. तरी माणसं एकमेकांना मीठ देत होती, हातभार लावत होती, मूल धरत होती. माणसाच्या जातीत मदत गृहीतच धरलेली आहे, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

पण घरातलं मौन आणि कार्यालयातलं मौन एक नव्हे. घरात आपण गप्प असतो तरी पोच मिळत असते. आमटी पुन्हा मागून घेतली जाते. विणलेला स्वेटर अंगात दिसतो. ज्याला औषध आणून दिलं तो दुसऱ्या दिवशी उठून बसतो. करणाऱ्याला आपल्या कामाचं दुसरं टोक रोज डोळ्यांसमोर दिसतं, मग शब्द कशाला? कार्यालयात मात्र काम हातातून सुटलं की दिसेनासं होतं. रात्री उशिरापर्यंत बसून केलेला तक्ता साहेबांना मेल होतो, पुढे तो कोणत्या बैठकीत गेला, त्यावर काय ठरलं, काही कळत नाही. रात्रपाळीच्या माणसाने दुरुस्त केलेलं यंत्र सकाळी चालू असतं, इतकंच. चालू असलेल्या यंत्राकडे कोण बघतं? घरातली गप्प राहण्याची सवय आपण जशीच्या तशी कार्यालयात आणली आणि तिथे तिला वेगळाच अर्थ आला. तिथे ती दुसऱ्या गटाचा न पाहिलेला गठ्ठा होऊन बसते.

आणि रीत नाही असं तरी कसं म्हणायचं? कामाची पोच द्यायची रीत महाराष्ट्राइतकी बारकाईने फार थोड्या ठिकाणी पाळली जात असेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाला धुऊन संध्याकाळी त्याचा खांदा हळद-लोण्याने किंवा तुपाने मळतात, कुठे शेकतात. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्याला सांगतात. दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही, पाठीवर आसूड नाही. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, पुढ्यात पुरणपोळी. दक्षिण महाराष्ट्रात हेच बेंदराला होतं. अनेक घरी गड्यालाही त्या दिवशी नवे कपडे करतात.

या साऱ्यात मला खांदेमळणी सगळ्यात थोर वाटते. झूल आणि बाशिंग सजावटीचं असतं, सगळ्यांना दिसावं म्हणून. खांदा मळणं मात्र बैल आणि त्याचा धनी यांच्यातलं. वर्षभर जू जिथे टेकलं, घट्टे जिथे पडले, हात नेमका तिथेच जातो. ही पद्धत ज्याने पहिल्यांदा पाडली त्याला कृतज्ञतेचं मर्म कळलं होतं. नुसतं ‘छान काम’ म्हणणं बैलाच्या शेपटीला तूप लावण्यासारखं आहे. ‘दादा, तुम्ही पहाटे येऊन पंप चालू केलात म्हणून पहिल्या पाळीला पाणी होतं’ हे खांद्यावर पडतं. ज्याला ते सांगितलं त्याला कळतं की भार कुठे होता हे कुणाला तरी दिसलं होतं.

खंडेनवमी-दसऱ्याला एसटीच्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, लेथला आणि छपाईयंत्राला हळदकुंकू लागतं, आता संगणकांपुढेही फूल ठेवतात. मला हे सगळं मनापासून आवडतं. फक्त त्या दिवशी यंत्राजवळच्या माणसालाही नेमकं काही सांगावं, एवढं वाटतं.

आमच्या कार्यालयांत माणसाचा पोळा येतो तो निवृत्तीच्या दिवशी. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि एकामागून एक भाषणं. कुणी सांगतं, यांनी त्या पुराच्या वर्षी तीन दिवस घरी न जाता नोंदी वाचवल्या. कुणी सांगतं, मी नवा होतो तेव्हा यांनी माझी चूक साहेबांपर्यंत जाऊ दिली नाही. सत्कारमूर्ती डोळे पुसत ऐकत असते, आणि त्या डोळ्यांत आनंदाइतकंच आश्चर्यही असतं. हे तुम्हाला माहीत होतं? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? अशा समारंभांत मला नेहमी हळहळ वाटते. खरी, नेमकी, जपून ठेवलेली कृतज्ञता त्या खोलीत भरपूर असते, फक्त ती अशा दिवशी बाहेर येते जेव्हा त्या माणसाला तिच्या जोरावर करायचं काही उरलेलं नसतं.

आपण का थांबतो, याचं उत्तर अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली शोधून काढलं. त्यांनी लोकांना, ज्यांचे उपकार आठवतात अशा कुणाला तरी कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं आणि आधीच विचारलं: वाचणाऱ्याला किती आनंद होईल? किती आश्चर्य वाटेल? आणि किती अवघडल्यासारखं होईल? नंतर पत्र मिळालेल्यांनाच तेच विचारलं. लिहिणाऱ्यांचा अंदाज पद्धतशीरपणे चुकला. आनंद आणि आश्चर्य त्यांनी कमी धरलं होतं, अवघडलेपण जास्त. चुकण्याचं कारणही सापडलं. लिहिणारा आपल्या शब्दांची काळजी करत बसतो: नीट मांडता येईल का, बावळट तर दिसणार नाही? वाचणारा शब्दांची सफाई मोजतच नाही, त्याच्यापर्यंत ऊब पोचते. आपला संकोच असा एका चुकीच्या हिशेबावर उभा आहे, आणि दोन्हीकडची माणसं त्यामुळे उपाशी राहतात.

भीती आणखी एक असते. एकाचं कौतुक केलं तर बाकीचे रुसतील. याबद्दलचा एक निष्कर्ष वाचून मी दोनदा तपासला होता. क्रिस्तियाने ब्राडलर, रॉबर्ट दुर, सुझान नेकरमान आणि अर्यान नॉन यांनी तीनशेहून जास्त माणसांना तीन तासांच्या नोंदणीच्या कामावर घेतलं. काही गटांत, आधी काही न सांगता, मध्येच सर्वोत्तम काम करणाऱ्यांना आभाराचं साधं कार्ड दिलं. पैसे नाहीत, नुसतं कार्ड. त्यानंतर त्या गटांचं काम वाढलं, आणि ती वाढ मुख्यतः ज्यांना कार्ड मिळालं नव्हतं त्यांच्याकडून आली. इथे कामाकडे लक्ष दिलं जातं, चांगलं काम कसं असतं हे इथे कळतं, ही बातमी त्यांना मिळाली होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना एकच अंगठा दाखवून ही बातमी मिळत नाही. अर्थात हे कार्ड खऱ्या कामासाठीच जावं लागतं. साहेबांच्या मर्जीतल्यांना वाटलेलं कौतुक सगळे ओळखतात.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय अर्धा राहील. 22 मार्च 2020 रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर लोकांनी आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. महाराष्ट्रात घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, रुग्ण शोधणाऱ्या आशा स्वयंसेविका त्या आरोग्यसेवकांत होत्या. जून 2021 मध्ये याच आशाताईंना मानधनासाठी संपावर जावं लागलं. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा एकत्रित गौरव केला, तो सर्वस्वी योग्य होता. पण गौरव आणि मानधन ही दोन वेगळी देणी आहेत, आणि एकाने दुसरं फिटत नाही. उलट धोका असतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इन्ना क्सेनोफोन्तोव्ह आणि युलिया बेकर यांनी दाखवलं की दुर्बळ बाजूने सबळ बाजूच्या मदतीबद्दल आभार मानले की स्वतःच्या हक्कासाठी उभं राहण्याची तिची तयारी कमी होते. म्हणून ‘मिळालंय त्यात समाधान माना, कृतज्ञ राहा’ असं वरचा खालच्याला शिकवू लागला तर सावध व्हावं. मजुरी वेळेवर आणि पुरेशी द्यायची, आणि शिवाय पोचही द्यायची. बैलाला खांदेमळणी मिळते, पण म्हणून रोजची वैरण थांबत नाही.

मात्र पोच वरून खालीच जाते असंही नाही. यरी चो आणि नॅथनेल फास्ट यांचं 2012 सालचं संशोधन सांगतं की आपण अधिकारपदाला पुरे पडत नाही अशी टोचणी लागलेला वरिष्ठ हाताखालच्याला कमी लेखू लागतो, पण त्याच हाताखालच्या माणसाने मनापासून आभार मानले की त्याचं हे कमी लेखणं ओसरतं. साहेबालाही आपल्या कामाचं दुसरं टोक दिसत नाही. ज्याने तुमची रजा भांडून मंजूर करून आणली, त्याला ती कशासाठी कामी आली हे कधी कळवलंत का?

तुमचं आजचं काम ज्याच्या कामावर उभं आहे, असा एक माणूस आठवा. तो सफाई करणारा असेल, हिशेब तपासणारी असेल, नोकरीला लागून महिनाही न झालेला मुलगा असेल. त्याने काय केलं आणि त्यामुळे तुमचं काय सोपं झालं, हे दोन वाक्यांत त्याला सांगा. शब्द साधे असले तरी चालतील. त्याच्या निवृत्तीची वाट पाहू नका.